तीन इंच एक सूत

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत माल फुगवणीला आला की बागायतदाराच्या खिशात एक चपटी गेज असते. मणी सोळा मिलिमीटरचा भरला की अठराचा, हे ती मण्यावर चढवून बघायचं. एक-दोन मिलिमीटरवर निर्यातीचा माल आणि लोकलचा माल वेगळा होतो, त्यामुळे इथल्या माणसाची नजर मापाला सरावलेली असते. ह्याच माणसाच्या शेडमध्ये, फवारणीच्या ब्लोअरमागे, ताडपत्रीखाली आजोबांच्या वेळची महिंद्राची पेट्रोल जीप उभी असते. धूर मारायला लागली म्हणून बाजूला लावली, ती तिथेच राहिली. आता नातवाला ती चालू करायची आहे. तीही घरी, एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर आणि गोडी छाटणी लागायच्या आत जी काय उसंत मिळते तेवढ्यात.

पाने-पक्कड आणि मनगटातली ताकद ह्यांची त्याला वाण नाही. इंजिनकामात गाडं अडतं ते मोजमापावर, आणि द्राक्षाची गेज तिथे फारच जाडी पडते.

म्हणून मापाची भाषा आधी. गवंडी-सुतारांच्या हिशेबात इंचाचे आठ भाग, म्हणजे आठ सूत. लेथवाल्याच्या हिशेबात इंचाचे हजार भाग, त्यातला एक म्हणजे थाऊ. एका सुतात सव्वाशे थाऊ बसतात. ह्या जीपच्या सिलिंडरचा व्यास तीन इंच एक सूत आणि पिस्टनची धाव चार इंच तीन सूत. एखाद्या सुतारानेच ठरवून दिल्यासारखी मापं. मिलिमीटरमध्ये ती ७९.४ आणि १११.१ होतात, आणि चार सिलिंडर मिळून २१९९ सीसी. पण सुतात हे इंजिन फक्त ओळखता येतं, बांधायचं तर थाऊत यावं लागतं. माणसाचा केस दोन ते चार थाऊ जाड असतो, आणि पिस्टन व सिलिंडर ह्यांच्यातली फट तीन थाऊच्या आसपास ठेवायची असते. केसाएवढ्या फटीत पेट्रोलचा स्फोट अडवून धरायचा, असा हा मामला आहे.

इंजिनाची कुळकथा सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकी सैन्याने हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी मागितली, तेव्हा विलीज-ओव्हरलँड कंपनीत डेलमार रूस नावाचा मुख्य अभियंता होता. हातातल्या जुन्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनाला त्याने घासून-पुसून ६० अश्वशक्तीवर नेलं होतं. स्पर्धेतल्या फोर्डने आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलं इंजिन बसवलं होतं, ते ४५च्या आसपास थांबत होतं. चिखलात हा फरक फार मोठा ठरतो. विलीजचं इंजिन जिंकलं आणि युद्धात फोर्डनेही शेवटी विलीजच्याच नमुन्यावर जीप बनवल्या.

त्या मूळ इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला होते. रचना साधी आणि स्वस्त, पण हवा-पेट्रोलाला आत शिरताना वळसा घ्यावा लागे. पुढच्या पिढीत आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि मोठा केला; धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच राहिला. हे ‘हरिकेन’ इंजिन. ताकद साठवरून सत्तरच्या घरात गेली, पण इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून १९५३च्या सीजे-३बी मॉडेलचं बॉनेट उचलावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या जीपचं ते उंच, पेटीसारखं नाक दिसतं त्याचं कारण हा एक व्हॉल्व्ह. दिसायला बेढब म्हणून अमेरिकेत तिला नावं ठेवली गेली. मला विचाराल तर सगळ्या जीपांमध्ये तीच देखणी.

मुंबईत १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद ह्या नावाने पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. त्याआधीच, १९४७ साली, विलीजच्या जीप इथे जोडायला सुरुवात झाली होती. पुढे सीजे-३बी आणि तिचं हरिकेन इंजिन महिंद्राने इथेच तयार केलं. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ला बंद झालं, आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं चाललं. ह्याच घराण्यात कॅबिन थेट इंजिनावर बसवलेला बिनानाकाचा एफसी ट्रकही होता. तो आता क्वचित दिसतो, पण एखाद्या जुन्या वाड्यामागे सापडला तर खालचं इंजिन हेच असण्याची शक्यता धरून चालावी.

आता काम. पहिली चूक होते ती पाना हातात घेण्याआधीच, लगेच इंजिन उतरवायचं ठरवण्याची. आधी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावं. चारही आकडे जवळपास सारखे असतील तर गोष्ट कदाचित फक्त कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर निभावेल. एखादा आकडा पडलेला असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. ऑइलने तात्पुरती फट बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे. शेजारशेजारचे दोन आकडे एकदम पडलेले दिसले तर बहुतेक दोघांमधलं हेड गॅस्केट जळलेलं असतं. शिवाय ऑइल भरायचं झाकण उघडून बघावं. तिथून भकाभका धूर येत असेल तर मिस्त्री एका शब्दात सांगतो, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय.’ स्फोटाचा वायू रिंगांच्या बाजूने खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो आहे. मग मात्र सुटका नाही, इंजिन उतरवावंच लागतं.

उतरवायला विहिरीतली मोटर काढायची तिपाई आणि चेनपुली चालते, आणि ती इथे दर दुसऱ्या घरी आहे. शेडच्या अँगलला मात्र पुली टांगू नये. तो अँगल पत्र्याचं वजन पेलायला बसवलेला असतो, दीडशे किलोंच्या वरचा बिडाचा गोळा झेलायला नव्हे.

पाने इंचातले लागतात. ट्रॅक्टरच्या पेटीतले मिलिमीटरचे पाने जवळपास बसतात आणि तिथेच घात होतो. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा, त्यावर १३चा पाना ढिला बसतो. नऊ-सोळांश इंचाचा नट १४.३चा, १४चा पाना चढत नाही आणि १५चा नटाचे कोपरे गोल करून टाकतो. पन्नास वर्षं गंजलेला नट एकदा गोल झाला की छिन्नी आणि शिव्या ह्यांच्यात दिवस जातो. इंचाचा गोटी पान्यांचा एक सेट आधी घ्यावा.

हेड काढताना ह्या इंजिनाची एक खोड माहीत हवी. आत घेणाऱ्या हवेचा मार्ग वेगळ्या नळीत नसून हेडच्याच ओतीवात आहे आणि कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. तो उतरवला की त्याच्या बैठकीच्या भोकात, खाली अंधारात, हेडचा एक बोल्ट असतो. वरून दिसतात ते सगळे बोल्ट काढून झाले, हेड तरी हलेना, म्हणून पहार घालून उचकटण्याच्या नादात किती हेडांना तडे गेले असतील कोण जाणे. टॉर्च लावून त्या भोकात बघितलं की भांडण मिटतं.

खाली येताना प्रत्येक कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप, मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप, सगळ्यांवर नंबर आहेत का ते पाहावं, नसतील तर पंचाने ठिपके मारावेत. कॅप आपल्या जागी आवळलेली असतानाच त्या भोकाला कारखान्यात गोल केलेलं असतं. दुसऱ्या नंबरची कॅप तिसऱ्याला लावली की ते भोक गोल राहत नाही आणि क्रँक जाम होतो. हे ठिपके मारायला दोन मिनिटं लागतात, आणि आळस नेमका इथेच होतो.

हेड उतरल्यावर सिलिंडरच्या आत वरच्या टोकाला नख फिरवावं. नखाला पायरी लागते. ती पायरी म्हणजे मूळ व्यास. तिच्याखाली सिलिंडर झिजून मोठा झालेला. झीज वर जास्त आणि खाली कमी का, ह्याचं उत्तर इंजिनाच्या स्वभावात आहे. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, तिथे ऑइलचा थर सगळ्यात पातळ असतो आणि उष्णता सगळ्यात जास्त. भरीला स्फोटाचा वायू वरच्या रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. खाली येईतो दाब कमी झालेला असतो आणि ऑइल भरपूर मिळतं. शिवाय सिलिंडर गोलही राहत नाही. स्फोटाच्या वेळी रॉड तिरपा असतो, त्यामुळे पिस्टन सरळ खाली न जाता एका बाजूच्या भिंतीला रेलतो. गाडीच्या लांबीच्या दिशेला झीज कमी आणि डाव्या-उजव्या बाजूला जास्त, अशी लंबगोल होते. फेब्रुवारीत बागेच्या बांधावरून जीप पळाली आणि एअर क्लीनरमधल्या ऑइलकडे कुणी बघितलंच नाही, तर वर आलेली धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते. झिजेचं खरं खाद्य ती धूळ.

ही झीज मोजायला लेथवाल्याकडे बोअर डायल गेज असते. घरी नसली तरी शाळेतल्या गणिताने भागतं. जुनी एक रिंग सिलिंडरमध्ये पायरीच्या जरा खाली सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. मग तीच रिंग पिस्टनने तळाशी ढकलून पुन्हा मोजायची. वर ३८ थाऊ आणि खाली १६ थाऊ आली, तर फरक २२. परिघात २२चा फरक म्हणजे व्यासात २२ भागिले ३.१४, म्हणजे ७ थाऊ. पाचेक थाऊंच्या पुढे फरक गेला की नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. नवी गोल रिंग लंबगोल भिंतीला सगळीकडे टेकणार कशी? तरी बाजारात ‘रिंगा टाकून द्या, चालून जाईल’ असा सल्ला मिळतोच. चालून जातं, दोन हंगाम.

इथे ‘घरी’ ह्या शब्दाची मर्यादा मान्य करावी. बोअर मारणं, क्रँक घासणं आणि व्हॉल्व्हच्या सीट कापणं ही मशीनवरची कामं आहेत, ती शेडमध्ये होत नाहीत. पिंपळगावहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की वाटेत ओझर येतं, जिथे १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे सातपूर-अंबडच्या वसाहती. थाऊत विचार करणारे हात ह्या पट्ट्यात कमी नाहीत. त्यांच्याकडे जाताना मात्र नवे पिस्टन सोबत न्यावेत. पिस्टन मूळ मापापेक्षा दहा, वीस, तीस थाऊ मोठे मिळतात. ‘तीसचा बोअर मारा’ म्हणून ब्लॉक देऊन आलात आणि नंतर तीसचे पिस्टन मिळालेच नाहीत, तर मारलेला बोअर परत भरता येत नाही. मग लाईनर बसवणं आलं. क्रँकचं उलट असतं. तो घासून लहान करायचा आणि तेवढ्याच थाऊने जाड शेल बेअरिंग बसवायचं.

ब्लॉक घरी परत आला की खरं घरचं काम सुरू होतं, आणि त्यातलं पहिलं धुण्याचं. बोअरनंतर होनिंगचे दगड भिंतीवर तिरक्या जाळीसारखे बारीक ओरखडे मारतात. त्यात ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा घासून बसतात. पण त्या ओरखड्यांत दगडाची पूडही अडकते. रॉकेल-डिझेलने धुतलं की पूड आणखी आत बसते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश हा उपाय साधा आहे. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत धुवायचं. ऑइलच्या वाटांमध्ये तार आणि लांब ब्रश घालायचा. पाण्याच्या वाटांवरचे पत्र्याचे बूच काढून आतला क्षार खरवडायचा. आमच्या भागात बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची सवय जुनी आहे आणि त्याचा पांढरा थर बिडाला चिकटून बसलेला असतो. धुवून झालं की लगेच ऑइलचं बोट फिरवावं. श्रावणातल्या दमट हवेत ताजं कापलेलं बीड चहा पिऊन येईतो तांबूस दिसायला लागतं.

आता रिंगा. नव्या रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट का ठेवायची, असं नवशिक्याला वाटतं. मिटलेली रिंग जास्त घट्ट बसेल की! हिशेब करून बघावा. सिलिंडरचा परीघ सुमारे २५० मिलिमीटर. रिंग भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली तर बिडाच्या प्रसरणाने तिची लांबी पाव मिलिमीटरहून थोडी जास्त वाढते. फट ठेवली नाही तर टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग भिंतीत रुतते आणि तुटते. म्हणून तिथे ०.३ मिलिमीटर, म्हणजे बारा थाऊच्या आसपास जागा ठेवतात. प्रत्येक रिंग आपापल्या सिलिंडरमध्ये घालून मोजायची, कमी भरली तर टोक कानशीने हलकेच घासायचं.

पिस्टनची फट तपासायची विलीजच्या पुस्तकातली जुनी पद्धत मला फार आवडते. तीन थाऊ जाडीची, पाऊण इंच रुंद पट्टी पिस्टनच्या बाजूने सिलिंडरमध्ये सोडायची आणि स्प्रिंगच्या ताणकाट्याने ती वर ओढायची. काटा ५ ते १० पौंडांच्या दरम्यान दाखवून पट्टी निघाली तर फट बरोबर. सहज सुटली तर ढिलं, अडली तर घट्ट. पट्टी आणि ताणकाटा एवढ्यावर केसाच्या जाडीचा निवाडा होतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा, आणि अॅल्युमिनियम तापल्यावर जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यामुळे पिस्टनच्या अंगावर इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर दिलेली असते. फुगवटा त्या चिरेत जिरतो.

क्रँकची गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. बेअरिंग आणि क्रँक ह्यांच्यात एक-दोन थाऊंची फट ठेवतात, आणि इंजिन चालू असताना दोन्ही धातू एकमेकांना शिवत नाहीत. फिरणारा क्रँक ऑइलला ओढून पाचरीसारखं स्वतःखाली सारतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. पावसात वेगाने जाणारी मोटारसायकल पाण्याच्या थरावर चढून घसरते, तोच न्याय. फट मोजायला मेणासारखा प्लॅस्टिकचा बारीक धागा मिळतो. तो ठेवून कॅप आवळायची, पुन्हा उघडायची आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी सोबतच्या पट्टीवर ताडून बघायची. ह्या दरम्यान क्रँक फिरवायचा नाही.

कॅमशाफ्टच्या आणि क्रँकच्या गिअरवर खुणा असतात, त्या समोरासमोर आणायच्या. पुढे डिस्ट्रीब्युटर बसवताना गडबड होते ती वेगळ्याच कारणाने. एक नंबरचा पिस्टन वर येतो तो दोनदा, एकदा स्फोटासाठी आणि एकदा धूर सोडायला. दुसऱ्या वेळेला डिस्ट्रीब्युटर बसवला तर इंजिन सुरू होण्याऐवजी कार्ब्युरेटरमधून फटाके वाजवतं. प्लगच्या भोकावर अंगठा धरावा. हवा जोरात ढकलते तीच स्फोटाची वेळ. आग लागण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन.

हेडच्या बोल्टांना ६० ते ७० फूट-पौंड आवळण हवी. एक फूट लांब पान्याच्या टोकाला तीसेक किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा, म्हणजे पिंपळगावच्या मार्केटातले टोमॅटोचे दीड क्रेट. मनगटाचा अंदाज इथे दगा देतो, कारण सकाळी आवळलेला पहिला बोल्ट आणि दुपारी दमून आवळलेला शेवटचा सारखा नसतो. टॉर्क पाना एक दिवस कुणाकडून तरी मागून आणावा. मधल्या बोल्टापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळावं. टॅपेटची फट थंड इंजिनावर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला १८ थाऊ आणि धूर सोडणाऱ्याला १६ थाऊ. पहिली वरच्या झाकणाखाली सेट होते, दुसरी ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे. एका इंजिनात दोन ठिकाणी वाकावं लागतं ते त्या अर्धवट वर गेलेल्या व्हॉल्व्हमुळेच.

पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या नव्या टाकाव्यात, त्याही इथेनॉलला टिकणाऱ्या. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर त्याने फुगून मऊ पडतं.

बरेच जण विचारतात की एवढा खटाटोप करण्यापेक्षा डिझेल इंजिन का टाकू नये. ह्या भागात तो मोह समजण्यासारखा आहे. ह्याच आग्रा रोडवर इगतपुरीला महिंद्राच्या कारखान्यात प्यूजोच्या तंत्राची २११२ सीसीची डिझेल इंजिनं तयार झाली आणि किती तरी पेट्रोल जीपच्या पोटात ती गेली. गाडी कामाची असेल तर माझा विरोध नाही. फक्त १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. आणि २०२१च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना जी ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली आहे, तिच्यात गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. आजोबांची जीप त्या नोंदणीपर्यंत न्यायची असेल तर ब्लॉकही आजोबांचाच राहू द्यावा.

सुरू करण्याआधी प्लग बाहेर ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावं, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग प्लग लावून सुरू करावं. सुरू झाल्यावर शेडमध्ये तासभर नुसतं घरघरत ठेवू नये. रिंगांना भिंतीवर बसायला मागून वायूचा दाब लागतो आणि तो इंजिनावर भार आल्याशिवाय मिळत नाही. बेताच्या वेगाने, कधी दाबून कधी सोडून, चांदवडच्या रस्त्याला फेरी मारून यावी. पहिलं ऑइल लवकर बदलावं. त्यात चमकी दिसेल ती नव्या रिंगांची आणि घाबरायचं कारण नाही. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा बघायचे आणि हेड पुन्हा आवळायचं. त्यासाठी कार्ब्युरेटर परत उतरवावा लागतो, कारण खाली अंधारातला तो एक बोल्टही पुन्हा आवळायचा असतो.